इलेक्ट्रिक गाडीच्या डिक्कीला मोटर बसवायची असेल तर आधी बारा व्होल्टचा हिशेब मांडा

जूनच्या सुरुवातीला माझी इलेक्ट्रिक गाडी अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी अकरा दिवस एका जागी उभी होती. पेरणीच्या गडबडीत कुणी तिला हात लावला नाही. बाराव्या दिवशी रिमोट दाबला तर काहीच झालं नाही. किल्लीनं दार उघडलं, तर स्क्रीन काळी. म्हटलं, चार्जिंगला लावू. गन लावली तरी गाडीचा दिवा लागेना. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली होती, हे मी उभी करताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाडीत काही बिघाड नव्हता. दीड महिन्यापूर्वी आईसाठी मी डिक्कीला मोटर बसवून घेतली होती. आईचा उजवा खांदा वर जात नाही. डिक्कीचं झाकण एकदा उघडलं की तिला ते खाली ओढता येत नव्हतं, आणि बागेतून मोसंबीचे क्रेट भरताना दरवेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. मोटर बसल्यावर तिची ती अडचण संपली. पण बसवणाऱ्यानं लॉकचा सिग्नल, म्हणजे डिक्की लागली की नाही हे सांगणारी वायर, जोडलाच नव्हता. त्यामुळे मोटर चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सला डिक्की कायम उघडीच वाटत होती आणि तो रात्रंदिवस जागा राहत होता. मी नंतर मोजलं तेव्हा एकटा बॉक्स १६० मिलिअँपिअर ओढत होता. दिवसाला ३.८ अँपिअर-तास, अकरा दिवसांत ४२. गाडीतली बारा व्होल्टची बॅटरी आहे ४५ अँपिअर-तासांची. ती उतरणारच होती.

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम करतो. तरी गाडीच्या बाबतीत मी हे काम डोळे झाकून दुसऱ्यावर सोपवलं होतं. नंतर ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन सगळं वायरिंग उकललं आणि पुन्हा केलं. ते कसं केलं ते इथे क्रमानं लिहितो. तुम्ही स्वतः करणार नसाल तरी वाचा, म्हणजे दुकानात उभं राहून काय विचारायचं आणि काय होऊ द्यायचं नाही ते कळेल.

वीज नेमकी कुठून येते

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक खालची मोठी, साधारण ३०० ते ४०० व्होल्टची, जी चाकं फिरवते. दुसरी साधी बारा व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तशीच, बहुतेक गाड्यांत अॅसिडचीच. दिवे, काचा, सेंट्रल लॉक, स्क्रीन, डिक्कीचं कुलूप हे सगळं या लहान बॅटरीवर चालतं. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरत राहतो. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिची लाइन जोडणारे मोठे स्विच, उघडतात आणि ती बाकी गाडीपासून तुटते. ते कॉन्टॅक्टर पुन्हा जोडायलाही लहान बॅटरीचीच वीज लागते. म्हणून लहान बॅटरी मेली की मोठी भरलेली असूनही काही उपयोग नाही, आणि चार्जिंगही सुरू होत नाही.

काही गाड्या उभ्या असतानाच अधूनमधून जाग्या होऊन लहान बॅटरी भरून घेतात. तुमच्या गाडीत ती सोय आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघा. असली तरी तिच्या भरवशावर ढिसाळ वायरिंग करू नका.

डिक्कीला मोटर बसवल्यानं रेंज किती कमी होईल, असं मला बरेच जण विचारतात. त्यानं काही फरक पडत नाही. पन्नास वॉटचा फ्रिज डिक्कीत आठ तास चालवला तरी ०.४ युनिट होतं; ४० युनिटच्या बॅटरीचा तो एक टक्का. काळजी करायची ती गाडी बंद असताना लहान बॅटरीतून जे झिरपतं त्याची.

किट घेण्याआधी

गाडी अजून घ्यायची असेल तर आधी वरची मॉडेलं बघा. टाटा कर्व्ह ईव्ही किंवा बीवायडी अॅटो ३ यांच्या वरच्या मॉडेलमध्ये मोटरची डिक्की कंपनीचीच येते. ती वॉरंटीत असते आणि लॉकशी नीट बोलते. किमतीतला फरक परवडत असेल तर मी तेच सुचवीन.

गाडी घरात आहे आणि किट बाहेरून घ्यायचं असेल, तर तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी बनवलेलंच घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालतं' म्हणणारं किट नको. डिक्कीच्या झाकणाचं वजन, वायपर आहे की नाही, वर स्पॉयलर आहे का, यावर झाकण उचलणाऱ्या दांड्यातल्या स्प्रिंगचा जोर ठरतो. जोर कमी पडला तर झाकण अर्ध्यावर घसरतं, जास्त झाला तर बिजागरी वाकते.

दोन्ही बाजूंना मोटर असलेलं किट घ्या. स्वस्त किटमध्ये एका बाजूला मोटर आणि दुसऱ्या बाजूला नुसता स्प्रिंगचा दांडा असतो. त्यात झाकणाला पीळ बसतो. सुरुवातीला ते जाणवत नाही, पण काही महिन्यांनी एका कोपऱ्यातलं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) दाबलं जात नाही आणि पावसाचं पाणी तिथूनच आत येतं.

तुमच्या डिक्कीचं कुलूप बटणावर विजेनं सुटतं की केबलनं ओढून, हेही आधी बघा. केबलचं असेल तर किटसोबत नवं मोटरचं कुलूप यायलाच हवं.

पायानं उघडणारा किक सेन्सर मी घेतला नाही, आणि आपल्या भागात घेऊ नये असंच मला वाटतं. बंपरच्या आत बसणाऱ्या त्याच्या पट्ट्यांवर काळ्या मातीचा चिखल बसतो, धुताना प्रेशरच्या पाण्यानं तो भलतंच समजतो, अंगणातलं मांजर खालून गेलं तरी झाकण उघडू शकतं. ज्या गाड्यांचं चार्जिंगचं तोंड मागच्या बाजूला आहे, तिथे गन लावायला उभं राहिलं की नेमका पाय त्याच पट्ट्यात येतो. आईला आत एक बटण आणि रिमोट पुरेसा आहे.

कागदाची दोन कामं आधीच उरकून घ्या. सर्व्हिस सेंटरला मेल करून विचारा की हे किट बसवल्यावर कोणत्या भागाची वॉरंटी जाईल, आणि उत्तर लेखी घ्या. अनेक गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. ती तोंडी आश्वासनावर धोक्यात घालण्यासारखी नाही. आणि विमा कंपनीला ही वस्तू इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून कळवा, बिल जोडा. थोडा हप्ता वाढतो, पण पुढे दावा करताना वाद होत नाही.

ज्याला हात लावायचा नाही

नारिंगी रंगाची कोणतीही केबल, तिचा कप्लर (वायर जोडायचा प्लग), तिची पट्टी, तिचा बोल्ट याला हात लावायचा नाही. ती मोठ्या बॅटरीची लाइन आहे. तिच्या आवरणाला आपली वायर बांधायचीही नाही. गाडी बंद केली, बारा व्होल्टची बॅटरी सोडली, तरी मोठ्या बॅटरीच्या आत व्होल्टेज असतंच. तिथलं काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

पिवळी वायर, पिवळा कप्लर म्हणजे एअरबॅग. डिक्कीच्या बाजूच्या खांबांवर आणि छताच्या कडेनं बऱ्याच गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळलेली असते. आपली वायर तिच्यावरून न्यायची नाही, टाय बांधायचा नाही. एअरबॅग उघडताना तो टाय तिला अडवेल.

गाडीच्या फरशीला, उंबऱ्याला, डिक्कीच्या तळाला ड्रिल मारायचं नाही. साधा पत्र्याचा स्क्रूसुद्धा नको. फरशीखाली मोठी बॅटरी आणि तिच्या केबल असतात. अॅक्सेसरीच्या दुकानात अॅम्प्लिफायर बसवताना मुलं सहज स्क्रू पिळतात. इलेक्ट्रिक गाडीत तिथेच त्यांचा हात धरा. जे काही बसवायचं ते असलेल्या बोल्टवर, असलेल्या ब्रॅकेटवर.

एकमेकांवर पीळ घातलेल्या बारीक वायरींची जोडी दिसली तर ती गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसांत बोलायची लाइन असते. तिला सोलून जोड देऊ नका. किटला तिथून माहिती लागत असेल तर कंपनीच्या कप्लरच्या मधे बसणारा टी कप्लर मागा.

आधी मोजमाप

हे काम सगळे टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. काहीही बसवण्याआधी गाडी झोपलेली असताना, म्हणजे लॉक होऊन आतलं सगळं शांत झाल्यावर, किती करंट ओढते, ते मोजून लिहून ठेवायचं. नाहीतर नंतर गळती गाडीची की किटची, हे सांगता येत नाही.

डीसी मोजणारा आणि मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम. नसेल तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह लाइनमध्ये एकसर जोडायचा. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करायची नाही, दिवे लावायचे नाहीत; मीटरचा फ्यूज उडतो.

बॉनेट आणि डिक्की उघडी असताना गाडी झोपत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे. डिक्कीच्या कुलपाचा आकडा (कडीत अडकणारा हुक) पेचकसानं फिरवून बंद करायचा, म्हणजे गाडीला डिक्की लागली असं वाटतं. बॉनेटच्या आकड्याचंही तसंच. काम झाल्यावर झाकण आपटण्याआधी बटण दाबून तो आकडा परत उघडायला विसरू नका, नाहीतर कुलूप मोडेल.

रिमोट घरात ठेवा, गाडीजवळ खिशात नको. गाडी लॉक करा आणि निदान चाळीस मिनिटं थांबा. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरत जातो. माझ्या गाडीत पंचवीस मिनिटांनी तो २२ मिलिअँपिअरवर स्थिर झाला. साधारणपणे २० ते ५० च्या आत असेल तर ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी ते कारण शोधा, किट नंतर.

सोबत बॅटरीचं व्होल्टेजही घ्या. अॅसिडची बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. तीन-चार उन्हाळे काढलेली बॅटरी असेल तर तिची तपासणी करून घ्या. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या आपल्या मे महिन्यात या बॅटऱ्या लवकर थकतात.

कामाचा दिवस

दोन माणसं आणि एक पूर्ण दिवस ठेवा. सकाळी लवकर सुरू करा, सावलीत. प्लास्टिकच्या क्लिपा काढायची चपटी हत्यारं, दहा-बाराचे सॉकेट, टॉर्क पाना, क्रिम्पिंगचा पक्कड, कापडी हार्नेस टेप, नालीदार पाइप, आणि झाकण तोलून धरायला मापाची लाकडी काठी.

चार्जिंगची गन काढा, गाडी बंद करा. मग डिक्की उघडा, आणि ती उघडीच ठेवून बारा व्होल्टची निगेटिव्ह सोडा. हा क्रम चुकवू नका. बॅटरी सोडल्यावर डिक्की लागली तर ती बटणावर उघडणार नाही. मागच्या सीट पाडून आतून झाकणाच्या पॅनलमधली आपत्कालीन कळ दाबावी लागेल. ती कळ कुठे आहे, हे याच वेळी शोधून आईला, बायकोला, सगळ्यांना दाखवून ठेवा.

निगेटिव्ह सोडल्यावर दहा मिनिटं थांबा, मग पॅनल काढा. क्लिपा उन्हानं ठिसूळ झालेल्या असतात. चार-सहा तुटतील असं धरून त्याच मापाच्या नव्या आधीच आणून ठेवा.

*वायर.* मोटर सुरू होताना किट क्षणभर १५ ते २० अँपिअर ओढतं. एवढा करंट डिक्कीतल्या सॉकेटच्या वायरवरून घ्यायचा नाही. तो सॉकेट साधारण १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजवर असतो. थेट बॅटरीपासून वेगळी लाइन ओढायची. बॅटरी पुढे असेल तर वायर साधारण पाच मीटर लागते. एक चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर २० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जातात. मोटर रडतखडत चालते आणि बॉक्सला वाटतं मधे काही अडकलं, म्हणून झाकण अर्ध्यावरून परत फिरतं. अडीच चौरस मिलिमीटरला ०.७ व्होल्ट जातात, चारला ०.४४. मी चारची टाकली.

वायर गाडीचीच घ्या, १०५ अंश सोसणारी, बारीक तारांची. घराच्या वायरिंगची वायर ७० अंशांची असते. परभणी-नांदेडकडच्या उन्हात काचा बंद करून उभ्या गाडीत आतलं तापमान साठीच्या पुढे जातं, आणि पॅनलच्या मागे पत्र्याला टेकलेल्या वायरला त्याहून जास्त सोसावं लागतं. साध्या काळ्या टेपचा डिंकही तिथे वितळून चिकट पाणी होतो. म्हणून कापडी टेप, आणि दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर काहीही लटकवायचं नाही.

*फ्यूज.* बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत. डिक्कीजवळ फ्यूज लावला आणि मधल्या पाच मीटरमध्ये वायर घासून पत्र्याला लागली, तर तो फ्यूज कामाचा नाही. किती अँपिअरचा ते किटच्या कागदावर असतं, बहुधा २० ते ३०. वारंवार उडतो म्हणून मोठा लावू नका. उडण्याचं कारण शोधा.

*अर्थ.* डिक्कीत कंपनीनं दिलेला अर्थचा बोल्ट असतो, तोच वापरा. लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग असेल तर खरवडून साफ करा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या निगेटिव्हवर थेट लग घालू नका. अनेक गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर बसलेला असतो. त्याला वळसा घालून गेलेला करंट गाडीला दिसत नाही, आणि लहान बॅटरी किती उतरली याचा तिचा अंदाज चुकतो.

केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या भोकात असलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच न्या. आत ती डाव्या किंवा उजव्या उंबऱ्याच्या पट्टीखालून, कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) समांतर आणि नालीदार पाइपमध्ये. सोयाबीन काढणीनंतर शेतातले उंदीर घरांकडे आणि उभ्या गाड्यांकडे सरकतात. उघडी वायर त्यांना दोन रात्री पुरते.

झाकणाची रबरी नळी

डिक्कीच्या वरच्या कोपऱ्यात गाडीच्या अंगातून झाकणात जाणारी एक रबरी नळी असते. सगळं काम छान करून लोक इथे चुकतात. आपल्या वायरी याच नळीतून न्यायच्या, बाहेरून नाही. नळीची दोन्ही टोकं सोडवा, आत थोडं सिलिकॉन स्प्रे मारा, मजबूत दोरा ओवा आणि वायर त्याला बांधून ओढा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं.

झाकण पूर्ण उघडं असतानाही नळीतल्या वायरीला थोडी ढील असली पाहिजे. दर उघडझापीला ती इथेच वाकते, आणि काही वर्षांनी वायर तुटते तीही इथेच. नळीच्या आत जोड कधीही देऊ नका. शेवटी दोन्ही टोकं आपल्या खाचेत गोल बसली का, ते बोट फिरवून बघा. एक कडा जरी वर राहिली तरी पहिल्या पावसात पाणी खांबातून उतरून डिक्कीच्या तळातल्या खळग्यात साठतं, आणि त्याच खळग्यात अनेकांचा चार्जर असतो.

दांडे आणि कुलूप

झाकणाला काठी लावा आणि दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. जुने गॅसचे शॉकअप एका वेळी एकच काढायचे. एक काढा, त्या जागी मोटरचा दांडा बसवा, मग दुसरा. दोन्ही एकदम काढले तर झाकण थेट डोक्यावर येतं. शॉकअपच्या टोकाला तारेची क्लिप असते; बारीक पेचकसानं ती थोडी उचलली की बोल्टाच्या गोल डोक्यावरून, म्हणजे गोळीवरून, टोक सुटतं, क्लिप पूर्ण काढायची गरज नाही. जुने शॉकअप फेकू नका. उद्या मोटर बिघडली तर तेच लागतील. आणि त्यांना कापू किंवा तापवू नका, आत दाबाखाली गॅस असतो.

नव्या दांड्यांना डावा-उजवा असतो, नीट पाहून लावा. गोळीचा बोल्ट किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कनंच घट्ट करा. हातानं अंदाजे पिळलेला बोल्ट एक तर सैल होतो, नाहीतर पत्र्यातली आटी जाते.

कुलूप बदलत असाल तर जुन्याच्या बोल्टभोवती मार्करनं रेघ काढून घ्या. नवं त्याच रेघेत बसवा. आकडा आणि खालची कडी एका रेषेत नसतील तर ओढून लावणारी मोटर दरवेळी झगडते आणि लवकर जळते. लॉकचा सिग्नल, म्हणजे डिक्की लागली की नाही हे बॉक्सला सांगणारी वायर, जोडली का हे स्वतः बघा. माझ्याकडे राहून गेली होती ती हीच.

कंट्रोल बॉक्स बाजूच्या पॅनलमागे, वरच्या भागात, रबराची चकती घालून ब्रॅकेटवर बसवा. खालच्या खळग्यात नको आणि बाहेरच्या पत्र्याला चिकटूनही नको.

चालवून बघणं

निगेटिव्ह जोडा. स्क्रीनवर एक-दोन इशारे येऊन जातील, गाडी एकदा सुरू करून बंद करा. मग किटच्या कागदाप्रमाणे झाकणाला उघडण्याची आणि मिटण्याची हद्द शिकवा. उंचीही इथेच ठरते. घरी पत्र्याचं शेड असेल तर गाडी शेडमध्ये उभी करूनच ती ठरवा. माझ्या शेडची कैची झाकणापेक्षा बोटभर खाली आहे, हे मला पहिल्या दिवशी ओरखडा पडल्यावर कळलं.

अडथळा आला की झाकण परत फिरतं का, हे बघायला टॉवेलची जाड गुंडाळी धरा. हात कधीच नाही. मधे, डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, तिन्ही ठिकाणी बघा. कोपऱ्यात परत फिरत नसेल तर घरात लहान मूल असताना ते किट वापरू नका, बसवणाऱ्याकडे परत न्या.

गाडी रेडी, म्हणजे चालायला तयार, असताना आणि गिअर डीमध्ये असताना बटण दाबून बघा, ब्रेकवर पाय ठेवून. डिक्की उघडता कामा नये. इलेक्ट्रिक गाडी आवाज करत नाही, त्यामुळे मागे उभ्या माणसाला ती चालू आहे हे कळत नाही. म्हणून ही चाचणी पेट्रोल गाडीपेक्षा इथे जास्त गरजेची. नंतर खराब रस्त्यावर एक फेरी मारा, खडखड ऐका. समृद्धीवर १२० च्या वेगाला जायचं असेल तर त्याआधी गावाकडच्या खड्ड्यांतून झाकण तपासलेलं बरं.

संध्याकाळी पुन्हा तेच मोजमाप: कुलपांचे आकडे बंद, गाडी लॉक, रिमोट घरात, चाळीस मिनिटं. माझा नवा आकडा ३४ मिलिअँपिअर आला, म्हणजे किटचे १२. दिवसाला ०.३ अँपिअर-तास, महिनाभर उभी राहिली तरी साधारण नऊ. हे चालतं. फरक ३० च्या वर येत असेल तर काम पूर्ण झालेलं नाही असं समजा, आणि बॉक्स का झोपत नाही ते शोधा. दुकानात बसवत असाल तर पैसे देण्याआधी हाच आकडा दाखवायला सांगा.

डिक्कीतल्या बाकीच्या वस्तू

एकदा जाड वायर मागे आली की मोह होतो. सॉकेट, एलईडी पट्टी, हवा भरायचा पंप, फ्रिज. एलईडी पट्टीचं फार काही नाही, झाकणाच्या दिव्यासोबत विझली की झालं. फ्रिजचं तसं नाही. तो ४ ते ५ अँपिअर ओढतो. गाडी बंद ठेवून पाच तास चालला तर ४५ ची बॅटरी निम्मी होते. त्याची लाइन रिलेवरून घ्या, आणि तो रिले गाडी चालू असतानाच लागेल असा जोडा. हवा भरायच्या पंपासाठीही गाडी रेडीमध्ये ठेवा.

शेतावर ड्रिल किंवा फवारणी पंपाचा चार्जर चालवायचा असेल तर बारा व्होल्टवर इन्व्हर्टर लावू नका. व्हीटूएलची, म्हणजे गाडीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देण्याची, सोय असलेल्या गाड्या आहेत. २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या मॉडेलांत ती आहे. तिथे वीज मोठ्या बॅटरीतून कंपनीनं दिलेल्या अॅडॉप्टरनं बाहेर येते आणि लहान बॅटरीवर ताण पडत नाही.

पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅम असेल तर त्याचाही हिशेब यात धरा. ३०० मिलिअँपिअरचा कॅमेरा दिवसाला सात अँपिअर-तास खातो. गाडी गावी ठेवून जाताना मी तो काढून ठेवतो.

आणि लहान बॅटरी उतरलीच, तर बाहेरून बारा व्होल्टचा जंपर लावून गाडी जागी करता येते, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांवर. जागी झाली की रेडीमध्ये ठेवा किंवा चार्जिंगला लावा, आणि बॅटरी पुरती भरेपर्यंत थांबा. मात्र आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याचा ट्रॅक्टर किंवा जीप सुरू करून देऊ नका. स्टार्टरला लागणारा करंट आपल्या लहान बॅटरीच्या आणि कन्व्हर्टरच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि बहुतेक कंपन्या त्याला मनाई करतात. गावात नाही म्हणणं अवघड जातं, पण म्हणावं लागतं.

पावसाळा संपला की डिक्कीचा तळ उचलून ओल आहे का बघतो, गोळ्यांना थोडं ग्रीस लावतो, रबरी नळीवरून बोट फिरवतो आणि झोपेतला करंट पुन्हा मोजतो. ग्लोव्हबॉक्समध्ये एक कागद ठेवला आहे. त्यावर फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा, वायर कुठून गेली, अर्थ कोणत्या बोल्टवर, आपत्कालीन कळ कुठे, आणि खाली तारखेसह आकडे: २२, ३४, ३४, ३५.